तान्ह्या बाळासाठी जुने घर रसायनमुक्त कसे करावे?

बेळगावच्या शहापूर भागातील जुन्या घरात तान्हे बाळ असताना घातक रसायने कशी कमी करावीत, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नवे काही विकत आणण्याआधी घरात आहे तेच तपासावे.

सर्वांत आधी रंग पाहा. घरगुती रंगांतील शिसे ९० पीपीएमपर्यंत (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी दारे-खिडक्यांना दिलेल्या ऑइलपेंटमध्ये ते जास्त असू शकते. म्हणून सुटलेले पोपडे कोरडे घासू नका, कारण त्या धुळीतूनच शिसे रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात जाते. पृष्ठभाग ओला करून काम करवून घ्यावे आणि तोवर बाळाला व गरोदर स्त्रीला अन्यत्र ठेवावे.

आपल्याकडचा पावसाळा, विशेषतः खानापूरच्या बाजूचा, इतका दमट असतो की कपाटात डांबर गोळ्या टाकल्या जातात. परंतु जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्यांतील नॅप्थलीनमुळे फुटू शकतात. दुपट्यांजवळ त्या कदापि नकोत. कपडे कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

फरशीला साधा साबण पुरतो. शहाबादी फरशी चुनखडीची असल्याने तिच्यावर लिंबू किंवा व्हिनेगर वापरू नये, आणि ब्लीचिंग पावडरीत कोणतेही आम्ल मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. डासांसाठी कॉइलऐवजी खिडक्यांना जाळी बसवावी.