सिमिलनची बोट येत्या फेब्रुवारीत नको, त्याच्या पुढच्या वर्षी जावा

दादा, तुमचा मेसेज मोठा होता, बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. नवराबायको कोल्हापूरचे, दादांचं शिरोली एमआयडीसीत दोन सीएनसी मशीनवर जॉबवर्क, वहिनी बँकेत. दोघांनी तारकर्लीला स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स केलाय, नंतर मालवणात आणि मुरुडेश्वरजवळ नेत्राणीला थोडे डाइव्ह झालेत, आणि आता येत्या फेब्रुवारीत थायलंडच्या सिमिलन बेटांना चार रात्री बोटीवरच राहायचं, तिथंच जेवायचं-झोपायचं आणि दिवसाला तीन-चार डाइव्ह मारायचे अशी लिव्हअबोर्ड ट्रिप करायचीय. बोटवाल्यानं माणशी ९० हजार सांगितलेत, विमान माणशी ३०, म्हणजे २ लाख ४०. प्रश्न असा की पैसे ४ लाखांची एफडी मोडून घालायचे, पर्सनल लोन काढायचं, का भिशी आधी उचलायची. वर बोटवाला म्हणतोय आठ दिवसांत बुक केलं तर १० टक्के सूट.

माझं मत सरळ सांगतो. ट्रिप तुमच्या ऐपतीत आहे, पण येत्या फेब्रुवारीत नाही, त्याच्या पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत. आणि हे फक्त पैशामुळं म्हणत नाही, तुमच्या डाइव्हिंगच्या लेव्हलमुळंही म्हणतोय, ते खाली येतंच.

पहिली गोष्ट, २ लाख ४० हा खर्च नाहीच, ही फक्त बोट आणि विमान झालं. नॅशनल पार्कची फी बहुतेक बोटी वेगळी घेतात आणि ती रोख बाटमध्ये मागतात, स्वतःचं रेग्युलेटर-बीसीडी (श्वास घ्यायचं यंत्र आणि हवा भरायचं जॅकेट) नसेल तर गिअरचं भाडं रोजच्या हिशोबानं, दोघांचं मिळून हे २८ हजार तरी धरा. बोट सुटते खाओ लाकजवळच्या धक्क्यावरनं, फुकेट एअरपोर्टपासनं तास-सव्वा तास गाडीनं, आणि तुम्ही आदल्या दिवशी पोचायलाच पाहिजे कारण विमान लेट झालं तर बोट थांबत नाही. परतताना शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमानात बसता येत नाही, बरेच दिवस सलग डाइव्ह केले असतील तर किमान १८ तासांचं अंतर सांगतात, बरेच लोक २४ ठेवतात, म्हणजे तिकडं परत एक रात्र. दोन रात्री हॉटेल, गाडी, जेवण १५ हजार. कोल्हापूर-मुंबई जाणं-येणं ६. क्रूची टिप ५, ती ऐच्छिक म्हणतात पण शेवटच्या दिवशी डबा फिरतोच. इन्शुरन्स १०. आणि बोटीचे पैसे साध्या क्रेडिट कार्डानं भरलात तर साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनाचा जादा आकार, आणि त्यावर जीएसटी, १ लाख ८० हजारावर ते ७४०० होतंय. बेरीज मारली तर ७१ हजार वाढले, म्हणजे ट्रिप ३ लाख ११ हजारांची. तुम्ही २ लाख ४० धरून एफडीतनं काढलं असतं आणि उरलेलं कार्डावर गेलं असतं, मग ते कार्ड चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याजानं तुम्हाला वर्षभर फिरवत बसलं असतं.

आता ती एफडी. तुम्ही तिला "पडून असलेले पैसे" म्हणालाय, ते मला पटलं नाही. तुमच्याच मेसेजमध्ये लिहिलंय की मोठ्या पार्टीचं पेमेंट नव्वद-शंभर दिवसांनी येतंय. मग त्या तीन महिन्यांत लेबरचा पगार, लाईट बिल, इन्सर्ट (कटिंगच्या बदलायच्या टिपा), ऑइल हे सगळं कशातनं चालतंय? उद्या एका मशीनचा स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) गेला तर बेअरिंगसकट दुरुस्तीचा आकडा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, आणि मशीन बंद असेल तेवढे दिवस जॉब शेजारच्या गाळ्यात जातो आणि गेलेला जॉब परत येईलच असं नाही. ही ४ लाखांची एफडी म्हणजे त्या दोन मशीनचा श्वास आहे, तिला हात नको. वहिनींचा पगार घर चालवतो, धंद्याला तो धरायचा नाही, दोन्ही खाती एकमेकांत घुसली की कुणाचं काय चाललंय ते कळत नाही.

पर्सनल लोनचं गणित करून दाखवतो. ३ लाख, १४ टक्के, २ वर्षं, हप्ता १४,४०० च्या आसपास, एकूण व्याज पावणेसेहेचाळीस हजार. २ टक्के प्रोसेसिंग फी आणि त्यावर जीएसटी हे ७ हजार, म्हणजे ५३ हजार जास्तीचे. लोनवाल्याची "ट्रॅव्हल नाऊ पे लेटर" अशी जाहिरात असली तरी आत हेच असतं, फक्त रंगीत असतंय.

भिशी बोलीची आहे म्हणालात, म्हणजे जो जास्त रक्कम सोडेल त्याला आधी मिळते. ३ लाखांची भिशी आत्ता उचलायची तर ३५-४० हजार सोडावे लागणार हे तुम्हीच लिहिलंय, मग ते व्याज नाही तर काय? उलट शेवटच्या महिन्यांपर्यंत थांबलात तर दुसऱ्यांनी सोडलेल्या पैशाचा वाटा तुमच्या पदरात पडतो. राहू दे तिला.

आता डाइव्हिंगकडं येतो, खरा पैसा इथं वाया जातोय. ओपन वॉटर सर्टिफिकेटवर तुम्हाला १८ मीटरपर्यंतच जाता येतं, ॲडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स केला की ३०. सिमिलन-सुरीनकडं लोक ज्याच्यासाठी जातात ती ठिकाणं म्हणजे कोह बॉन, कोह ताचाई, रिचेल्यू रॉक, तिथं पाण्याला ओढ (करंट) असते, खोली असते आणि मांटा (पंखासारखा पसरट मोठा मासा) किंवा व्हेल शार्क दिसलाच तर तो काय तुमच्या १८ मीटरच्या रेघेवर येऊन उभा राहत नाही. बऱ्याच बोटी ह्या साइटना ॲडव्हान्स्ड कार्ड नाहीतर वहीत नोंदवलेले (लॉग केलेले) ठराविक डाइव्ह मागतात, नसेल तर तुम्ही उथळ भागात गाइडच्या मागं नाहीतर सरळ डेकवर चहा पीत. चार रात्रीत साधारण १४ डाइव्ह धरले तर ९० हजाराला एक डाइव्ह ६४०० ला पडतो. दोघांचे चार-चार डाइव्ह हुकले तर ५१ हजार पाण्यात, आणि तेही तुम्ही पाण्यात न जाता. आता १० टक्के सूट बघा, दोघांची मिळून १८ हजार. १८ वाचवायला एकीकडं ५१ आणि दुसरीकडं लोनचे ५३. नाद असावा, पण एवढा खुळा नको!

बोटीवरच ॲडव्हान्स्ड करून देतो म्हणतील, देतातही, पण त्याचे पैसे वेगळे आणि चौदातले पाच डाइव्ह कोर्समध्येच जाणार, त्यात होकायंत्र बघत पोहायचा एक डाइव्ह असतो, तो सिमिलनला जाऊन कशाला करायचा. त्यापेक्षा हा कोर्स इकडंच उरका. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा सेंटर तुम्हाला माहितीच आहे, नाहीतर गोवा आहे, नेत्राणी आहे. आपल्याकडचा सीझन मे अखेर संपतो, जून ते ऑगस्ट सगळं बंद, म्हणजे आत्तापासनं सहा महिने हातात आहेत. शनिवारी पहाटे निघालं की फोंडा घाटातनं दुपारपर्यंत मालवण, रविवारी रात्री घरी. ह्याचा खर्च मी ट्रिपमध्ये धरत नाही, दिवाळीत आलेल्या पैशातनं भागवा. मालवणचं पाणी कधी कधी एवढं गढूळ असतं की जोडीदाराच्या पायातला फिन दिसेना, पण अशा पाण्यात हात बसला की तिकडच्या निळ्या पाण्यात हवा कमी लागते.

पैसे कसे जमवायचे. कारचा १३,४०० चा हप्ता ह्या महिन्यात संपतोय म्हणालात, तोच पुढच्या महिन्यापासनं आरडीत वळवा, गाडी अजून फेडतोय असंच समजायचं. वर ११,६०० दोघांनी मिळून घाला, २५ हजार झाले. बारा महिन्यांत ३ लाख, साडेसहा टक्क्यांनी व्याज साडेदहा हजार, म्हणजे ३ लाख १० हजार, वरची बेरीज आठवा. आरडी पुढच्या वर्षी नोव्हेंबर अखेर हातात येते आणि फेब्रुवारीच्या बोटीचे उरलेले पैसे साधारण साठ दिवस आधी भरायचे असतात, बरोबर बसतंय. सुरुवातीचं डिपॉझिट मात्र आधीच, जून-जुलैत भरावं लागेल, ते त्या महिन्यांच्या हप्त्याला हात न लावता सेव्हिंगमधनं भरा आणि आरडी आली की परत टाका. एसआयपी थांबवायची नाही, बोटीसाठी तर अजिबात नाही. आणि इक्विटी फंडात हे पैसे घालू का असं विचारू नका, बारा महिन्यांच्या पैशाला तिथं जागा नाही.

आरडी कुठं? पतसंस्था एक-दोन टक्के जास्त देते हे खरंय, कोल्हापुरात प्रत्येक गल्लीत एक आहे आणि ओळखीचा एजंट दारात येतो. पण बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी ह्या रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा कंपनीचं ५ लाखांपर्यंतचं विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. दीड टक्का जास्त म्हणजे तुमच्या आरडीवर अडीच हजार रुपये. तेवढ्यासाठी नको.

बुकिंग इथल्या एजंटकडनं पॅकेज म्हणून केलंत तर टीसीएस, म्हणजे एजंटनं आधीच गोळा करायचा इन्कम टॅक्स, कापला जातो, त्याचा दर बजेटमध्ये बदलत असतो म्हणून बुकिंगच्या दिवशी विचारून घ्या. तो पैसा बुडत नाही, इन्कम टॅक्सच्या साइटवर पॅनवर जमा दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, तुम्ही ॲडव्हान्स टॅक्स भरताच, तिथंही तो धरता येतो. फक्त कुणाच्या पॅनवर कापायचा ते आधी ठरवा. आणि हो, शेवटी हळूच विचारलंय ते, ट्रिप फर्मच्या खर्चात टाकता येईल का. नाही. वैयक्तिक खर्च आहे, सीए पण हेच सांगेल, फक्त जास्त गोड शब्दांत.

स्वस्तात स्वस्त बोट शोधू नका एवढं मात्र सांगतो. २०१९ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाला कन्सेप्शन नावाची डाइव्ह बोट रात्री पेटली, खाली झोपलेली ३४ माणसं गेली, रात्री पहाऱ्याला कुणी जागं नव्हतं. म्हणून बोटवाल्याला मेलमध्ये सरळ विचारा, रात्री पहारा असतो का, खालच्या केबिनमधनं बाहेर यायला दुसरा मार्ग आहे का, बॅटऱ्या कुठं चार्ज करतात. गुळमुळीत उत्तर देणाऱ्याची सूट त्याच्याकडंच राहू दे.

इन्शुरन्स घेताना साध्या ट्रॅव्हल पॉलिसीवर जाऊ नका, बऱ्याच पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असतात, काहीत खोलीची मर्यादा असते. डीकम्प्रेशनचा त्रास (पटकन वर आल्यानं अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होणं) झाला तर हायपरबॅरिक चेंबरचं, म्हणजे दाबाच्या खोलीतल्या उपचाराचं, बिल लाखात जातं, त्यासाठी डॅनसारखं (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) खास डायव्हरचं कव्हर वेगळं घ्या. आणि तुम्ही ओघात लिहून गेलाय की बीपीची गोळी चालू आहे. बोटीवर मेडिकल फॉर्म भरून घेतात, तिथं "नाही" वर टिक करू नका, डॉक्टरची सही आधीच घेऊन ठेवा. लपवलं आणि काही झालं तर क्लेम तिथंच अडकतो, आणि वहिनी परदेशात एकट्या धावपळ करत बसणार.

आता त्या आठ दिवसांच्या ऑफरला उत्तर द्यायचंच असेल तर एवढंच लिहा की पुढच्या सीझनचे दर कधी निघणार ते कळवा. पार्क मेच्या मध्यापासनं ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतं, तेव्हा घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही. आणि पुढच्या वेळी डिपॉझिट भरायच्या आधी त्यांची अटींची मेल मला पाठवा, माशांच्या फोटोंची पानं नकोत, कॅन्सलेशनचं पान तेवढं पाठवा.