दशांश ग्रॉसवर की हातातल्या पगारावर? आधी कार्डाचं बिल बघू

प्रश्न : वय 41, खासगी नोकरी, पत्नी गृहिणी, दोन मुलं शाळेत. पगार 66,000, हातात 58,000. घरखर्च 34,000. मंडळीला (चर्चला) दशांश, म्हणजे पगाराचा दहावा भाग, 6,600 देतो. तो ग्रॉसवर काढावा की हातातल्या रकमेवर, आणि त्यावर 80जी मिळेल का? मंडळीच्या बांधकामाला 3 लाख कबूल केले होते. त्यातले 2 लाख पर्सनल लोन काढून दिले (16 टक्के, 3 वर्षं, 12 हप्ते झाले). उरलेल्या लाखासाठी बँक टॉप-अप द्यायला तयार आहे. पेरलेलं शंभरपट येतं, असं कन्व्हेन्शनच्या (मोठ्या प्रार्थनासभेच्या) वक्त्यांनी सांगितलं होतं. क्रेडिट कार्डावर 85,000 थकलेत, मिनिमम भरतो. मंडळीतल्याच एका भावांकडून 20 वर्षांची पॉलिसी घेतली; महिना 5,000, कव्हर 10 लाख, 3 वर्षं भरली. वडील गेल्यापासून गावी आईला 3,000 पाठवायचो, ते सध्या थांबवलंय. देवाचं आधी.
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : तुमच्या प्रश्नाची किंमत महिना 800 रुपये आहे. हातातल्या पगारावर काढा, 5,800. कापला गेलेला पीएफ पुढे हातात येईल तेव्हा त्याचा दशांश काढता येईल. 80जी विसरा. निव्वळ धार्मिक कार्याच्या देणगीला ती सवलत सहसा नसते. शिवाय नव्या करप्रणालीत तुमच्या 7.92 लाखांवर करच शून्य आहे, वजावट कशातून करणार? पावती मात्र घेत जा.

आता तुम्ही न विचारलेलं. 85,000 वर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज जवळपास 3,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 3,500. तुम्ही मिनिमम 4,250 भरता. मुद्दल घटतं जेमतेम साडेसातशे. थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, म्हणून किराणा कार्डावर घेत असाल तर तो आजच थांबवा. असं कार्ड डोक्यावर असताना अर्पणाच्या थाळीत पडणारे 6,600 तुमचे नाहीत, कार्ड कंपनीचे आहेत. 2 लाखांच्या अर्पणाचे तुम्ही 2.53 लाख फेडणार. वरचे 53,000 बांधकामाला नाही, बँकेला अर्पण झाले.

शंभरपटीचं ते वचन बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे आणि त्याच ओळीत 'छळणुकीसह' असंही आहे. कन्व्हेन्शनमध्ये तेवढं बरोबर गाळलं जातं. हप्त्याच्या तारखेला बँक ते वचन जमा धरत नाही, तुम्हीही धरू नका. परताव्याच्या आशेने दिलं तर ती गुंतवणूक झाली, आणि गुंतवणूक म्हणून ती फारच वाईट आहे. प्रेषित पौलाने करिंथकरांकडून (करिंथ शहरातल्या मंडळीकडून) वर्गणी मागितली ती यरुशलेमेतल्या गरिबांसाठी, आणि कारण सरळ दिलं : आज तुमच्या भरपुरीतून त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्यातून तुमची. दिलेलं मान्य होतं ते माणसाजवळ असेल त्या मानाने, नसेल त्या मानाने नाही. कृतज्ञता आणि दुसऱ्याची गरज, ही दोन कारणं सढळ हाताने देण्याला पुरतात. दोन्हींत कर्ज बसत नाही.

आईचे 3,000 थांबवले, हे पत्रातलं सगळ्यात वाईट वाक्य. 'देवाचं आधी' म्हणून आईबापाचं तोडणाऱ्यांनाच येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात धारेवर धरलंय. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवायचा, लेवी (उपासनेची सेवा करणारा वंश), परदेशी, अनाथ आणि विधवांसाठी. तुमची आई विधवा आहे. या महिन्यापासून पैसे सुरू करा. मंडळीच्या पाळकांना विचारायचीही गरज नाही.

पॉलिसीबद्दल थोडक्यात. मंडळीतला भाऊ असला तरी कमिशन घेणारा एजंट तो एजंटच. दहा लाखांतून तुमची कर्जं फिटली की उरलेल्यात घर दोन वर्षंही चालणार नाही. आधी एक कोटीचा टर्म प्लॅन (बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा) घ्या, महिना सुमारे दीड हजार. प्रपोजलमध्ये बीपी-शुगर, तंबाखू काहीही लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो. टर्मची पॉलिसी हातात आल्यावरच जुनी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधी बंद करा. भरलेल्या 1.8 लाखांतला साधारण तिसरा हिस्सा मिळेल असं धरतो. शाखेतून लेखी आकडा घ्या. सुटलेल्या पैशांचं दुःख होईल, पण 5 टक्क्यांच्या आसपास देणारी पॉलिसी जपून वर्षाला 42 टक्क्यांचं कार्ड पोसण्यात काही अर्थ नाही.

सरेंडरचे 60,000 आले की थेट कार्डावर. राहिले 25,000. ते फिटेपर्यंत अर्पण 3,000 वर आणा, शून्यावर नको. पगार आला की ते आधी बाजूला काढायचं. पॉलिसीचे 5,000, मिनिममचे 4,250, अर्पणातले 3,600 आणि महिनाअखेर उरणारे हजारेक मिळून 14,000 होतात. त्यातून आईचे 3,000 आणि टर्मचे 1,500 गेले की 9,500 कार्डाला. तीन महिन्यांत कार्ड साफ.

चौथ्या महिन्यापासून दशांश पुन्हा 5,800. उरतात 6,700. त्यातले 3,000 अडीअडचणीसाठी आरडीत, 3,700 लोनसाठी. छोट्या रकमा बऱ्याच बँका मुदतीआधी घेत नाहीत आणि शुल्कही लावतात. दोन्ही आधी विचारा. घेत नसतील तर साठवून एकदम भरा. तेव्हा उरलेल्या 21 हप्त्यांचं काम तेरा-चौदा महिन्यांत उरकेल.

टॉप-अपचा फॉर्म भरू नका. कबूल केलेल्या लाखाबद्दल पाळकांना आणि खजिनदारांना आत्ताच लेखी कळवा : लोन फिटल्यावर महिना 4,000 प्रमाणे 25 महिन्यांत देईन. बांधकाम समितीला तुमचा आकडा धरून ठेकेदाराला शब्द द्यायचा असतो, त्यामुळे उशीर होणार हे त्यांना नंतर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.