उपग्रह त्यांचा, तंटा जगाचा

प्रश्न: ताई, लोकलमध्ये आमच्या ग्रुपमध्ये यावरून जाम वाजलं. उत्तर कोरियाने २०२३ मध्ये हेरगिरीचा उपग्रह सोडला तर अमेरिका, जपान सगळे तुटून पडले. आपली इस्रो सोडते तेव्हा कोणी चकार शब्द काढत नाही. हा दुजाभाव नाही का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर: दादा, भांडण उपग्रहाचं नाहीच, त्याला वर नेणाऱ्या रॉकेटचं आहे. इंजिन, टप्पे सुटे होणं, दिशा सांभाळणं, यातलं बरंचसं लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रात पण तसंच असतं, फक्त त्याला परत वातावरणात शिरताना भयंकर उष्णता सोसावी लागते. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००९ मध्ये ठराव १८७४ करून उत्तर कोरियाला बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचं तंत्र वापरून काहीही सोडायला मनाई केली, आणि त्या ठरावाला चीन-रशियाचाही होकार होता. आपल्या उपग्रहांवर अशी बंदी कधीच नव्हती.

संशयही हवेतला नव्हता. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांचं उन्हा-३ रॉकेट उडालं, पहिल्या टप्प्याचे तुकडे समुद्रात पडले आणि दक्षिण कोरियाच्या नौदलाने त्यातली एक टाकी वर काढली. आत काय, तर नायट्रिक ॲसिडवालं ऑक्सिडायझर (इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणारं रसायन), म्हणजे जुन्या सोव्हिएत स्कड क्षेपणास्त्रांतलं. ते भरून ठेवता येतं, द्रवरूप ऑक्सिजनसारखं उडून जात नाही, म्हणजे क्षेपणास्त्र तयार ठेवायला सोयीचं.

२१ नोव्हेंबर २०२३ ला, आधीचे दोन प्रयत्न फसल्यावर, तुम्ही म्हणता तो हेरगिरी उपग्रह, मल्लिग्योंग-१, कक्षेत गेला. जपानच्या ओकिनावातल्या लोकांना आडोशाला जा म्हणून अलर्ट, दुसऱ्याच दिवशी दक्षिण कोरियाने सीमेवरचा तणाव कमी करायला उत्तरेशी केलेल्या २०१८ च्या लष्करी कराराचा काही भाग स्थगित केला, मग उत्तरेने अख्खा करारच गुंडाळला. सीमेवर जो थोडाफार दिलासा होता तो पण गेला, मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं. सुरक्षा परिषदेत मात्र चीन-रशियामुळे काही हललं नाही. आणि डिसेंबरच्या सुरुवातीला दक्षिण कोरियाचा स्वतःचा हेरगिरी उपग्रह कॅलिफोर्नियातून स्पेसएक्सच्या रॉकेटने वर गेला, तेव्हा पश्चिमेत कोणाला काही खटकलं नाही.

दुजाभाव आहेच हो, आपण पण भोगलाय. रशिया आपल्याला क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान देणार होता, तर १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रो आणि रशियाच्या ग्लावकॉसमॉस या अंतराळ संस्थेवर निर्बंध लादले, कारण दिलं क्षेपणास्त्रांचं. आता बघा, क्रायोजेनिक इंजिनात अतिथंड हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडवायच्या आधी भरावे लागतात, क्षेपणास्त्र कोण असं ताटकळत ठेवणार? म्हणजे तिकडे टाकीतल्या ॲसिडवरून हेतू ओळखला आणि आपल्या वेळी टाकीत काय आहे हे बघायचंच नाही! शेवटी आपलं स्वतःचं क्रायोजेनिक इंजिन घेऊन जीएसएलव्ही रॉकेट यशस्वी व्हायला जानेवारी २०१४ उजाडलं.

ग्रुपमध्ये अजून एक सांगा, म्हणजे वाद एकतर्फी होणार नाही. १९८९ मध्ये आपलं पहिलं अग्नी क्षेपणास्त्र उडालं, त्याचा पहिला टप्पा आपल्या उपग्रहवाल्या एसएलव्ही-३ रॉकेटवरूनच घेतलेला होता. म्हणजे उपग्रहाच्या रॉकेटवरून क्षेपणास्त्राचा संशय घेणं अगदीच खोटं नाही.