जाडजूड पुस्तक, दुधाचं रजिस्टर आणि १ ते १० तारखेचा घोळ

या वेळी डेटाबेसवरचीच पत्रं जास्त आलीत, आणि गंमत म्हणजे सगळ्यांच्या हातात कुठलं ना कुठलं जाड पुस्तक आहे. म्हणून मोबाईल, प्रिंटर वगैरेंचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न : सर नमस्कार, मी बारामतीजवळ एका गावात दूध संकलन केंद्र बघतो. सगळा हिशोब एक्सेलमध्ये आहे, दर महिन्याला नवीन शीट. ॲक्सेस (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम) शिकायचं ठरवलं आणि इंग्रजीतलं एक गाईडबुक सेकंडहँड घेतलं, हजारभर पानं आहेत. दोन महिने रोज रात्री वाचतोय, १८० पानांवर आलोय. पुस्तकातलं सगळं करून बघितलं की चालतं, पण आपलं दुधाचं करायला बसलो की डोकं बंद पडतं. पुस्तक पूर्ण झालं की जमेल का, की सरळ क्लास लावू?

उत्तर : क्लास लावू नका आणि पुस्तक पूर्णही करू नका! म्हणजे फेकून देऊ नका, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला ती काही कादंबरी नाही.

तुमचं डोकं का बंद पडतं ते सांगतो, कारण माझंही पडायचं. पुस्तकात उदाहरण असतं ते बहुतेक नॉर्थविंडचं, म्हणजे ॲक्सेससोबत कित्येक वर्षं येत असलेली ती खोटी खोटी किराणा कंपनी. तिथे कस्टमर, ऑर्डर, प्रॉडक्ट अशी टेबलं आधीच पाडून ठेवलेली असतात, खरं डोक्याचं काम दुसऱ्याच कोणीतरी करून ठेवलंय आणि आपण फक्त बटणं दाबतो. ते चालणारच की. तुमच्याकडे मात्र टेबल पाडायचं कामच बाकी आहे आणि त्याचा सराव १८० पानांत एकदाही झालेला नाही.

तर एक दिवस कॉम्प्युटर बंद ठेवा. वही घ्या आणि तुमची एक्सेल शीट समोर धरा. माझा अंदाज असा की उभ्या बाजूला सभासद आणि आडव्या बाजूला १ सकाळ, १ संध्याकाळ, २ सकाळ असं ३१ पर्यंत, आणि प्रत्येकाखाली लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग). ३१ गुणिले २ गुणिले ३ म्हणजे १८६ कॉलम. आता ॲक्सेसच्या एका टेबलात २५५ फील्ड, म्हणजे कॉलम, बसतात, म्हणजे ही शीट जशीच्या तशी तिथे ढकलली तरी चालून जाते, आणि खरा धोका हाच आहे, कारण मग तुम्हाला वाटतं झालं की! आणि एक दिवस विचारायची वेळ येते की मार्चमध्ये कोणाचं फॅट ३.५ च्या खाली गेलं होतं, तेव्हा कळतं की त्यासाठी ६२ कॉलम तपासायला लागणार.

त्यापेक्षा असं बघा. तुमच्याकडे माणूस किटली घेऊन येतो, माप होतं, फॅट लागतं, पावती मिळते. ही एक घटना, म्हणजे टेबलात एक ओळ. सभासद नंबर, तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर. बास. सभासदाचं नाव, गाव, बँक खातं दुसऱ्या टेबलात, दरपत्रक तिसऱ्यात. १०० सभासद धरले तर रोजच्या २०० ओळी, वर्षाच्या ७३,०००. एक्सेलची सवय असलेल्या माणसाला आकडा ऐकून घाम फुटतो पण ॲक्सेसला त्याचं काही वाटत नाही, तिथे फाईलची मर्यादा २ जीबी आहे आणि असल्या बारक्या ओळी कित्येक वर्षं भरल्या तरी तुम्ही तिथवर पोचत नाही.

आता दोन गोष्टी, ज्या तुम्हाला पुस्तकात सापडतील पण सापडल्या तरी त्यांचं महत्त्व कळणार नाही. पहिली, सभासद नंबर, तारीख आणि वेळ या तिघांवर मिळून एक युनिक इंडेक्स टाका, म्हणजे तीच तिन्ही परत एकत्र येऊ द्यायची नाहीत असा नियम. पहाटे सहाला रांग लागलेली असते, पोरगं घाईत एकच किटली दोनदा मारतं, हा इंडेक्स असला की ॲक्सेस दुसरी एंट्री घेतच नाही. महिनाअखेरची भांडणं कमी होतील.

दुसरी गोष्ट दराची. पुस्तक म्हणेल की जे दुसऱ्या टेबलातून काढता येतं ते परत साठवू नका. बरोबर आहे. पण दर बदलला, तुम्ही दरपत्रकात नवा दर टाकला, आणि कोणी मागच्या महिन्याचं बिल पुन्हा मागितलं की ते नव्या दराने छापलं जाणार, आणि तो खिशातून जुनी पावती काढून दाखवणार. म्हणून त्या दिवशीचा दर त्या ओळीतच ठेवायचा. नॉर्थविंड उघडून बघा, प्रॉडक्टच्या टेबलात किंमत आहे तरी ऑर्डर डिटेल्समध्ये ती परत ठेवलेली आहे, कारण हेच. मी ते टेबल कितीतरी वेळा बघितलं होतं, पण हे लक्षात आलं ते स्वतःचं बिल चुकल्यावर.

पैशाच्या फील्डला करन्सी टाईप द्या, सिंगल किंवा डबल (दशांश आकड्यांचे दुसरे टाईप) नको. करन्सीत चार दशांशांपर्यंत आकडा नेमका राहतो, डबलमध्ये हजारो ओळींची बेरीज करताना कुठेतरी पैसा इकडेतिकडे होतो आणि तो शोधताना रात्र जाते.

वाचायचं कसं म्हणाल तर टेबल आणि रिलेशनशिपची प्रकरणं दोनदा, हळू, दुधाचं रजिस्टर शेजारी ठेवून. मग क्वेरी, म्हणजे टेबलातून हवं ते विचारून काढणं. मग थेट रिपोर्ट, कारण तुम्हाला बिल छापायचंय. फॉर्म नंतर, ते विझार्डने होतात आणि रंग-फाँट लावण्यात आठवडा कुठे जातो कळत नाही. व्हीबीए, म्हणजे ॲक्सेसमध्ये कोड लिहायची भाषा, तेव्हाच उघडा जेव्हा त्यावाचून अडेल. आणि इंग्रजीचं लिहिलं नाहीत तुम्ही पण बहुतेकांना ते अडतं, तर या पुस्तकांत तेच तेच शे-दीडशे शब्द फिरून येतात, पहिल्यांदा भेटला की समासात पेन्सिलने आपल्या भाषेत लिहून टाका. माझ्या एका पुस्तकात फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारं फील्ड) शेजारी 'सातबाऱ्यावरचा गट नंबर' असं लिहिलंय, शास्त्रशुद्ध नाही पण मला कळतं.

प्रश्न : सांगलीत आमचं ट्रॅक्टर पार्टचं दुकान आहे. पुस्तकातला कोड बघून उधारीचा दर दहा दिवसांचा रिपोर्ट बनवला. २१ ते ३० चा अगदी बरोबर येतो. १ ते १० टाकलं की भलताच मोठा आकडा येतो, ११ ते २० पण चुकतो. कोड तर तोच आहे! व्हायरस असेल का?

उत्तर : व्हायरस नाही हो, अमेरिका आहे :)

तुम्ही टेक्स्टबॉक्समधली तारीख उचलून दोन हॅशच्या (#) मधे चिकटवून एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला विचारायचं वाक्य, बनवताय, बरोबर? आपल्या विंडोजमध्ये तारीख दिवस-महिना-वर्ष अशी असते, पण कोडमधून दिलेल्या एसक्यूएलमध्ये हॅशमधली तारीख ॲक्सेस अमेरिकन पद्धतीने वाचतं, आधी महिना. तुमच्या कंट्रोल पॅनलमध्ये काहीही सेट केलेलं असो. म्हणजे तुम्ही ०१/०४/२०२४ ते १०/०४/२०२४ मागितलं, एप्रिलचे पहिले दहा दिवस, त्याने वाचलं ४ जानेवारी ते ४ ऑक्टोबर. नऊ महिन्यांची उधारी एका कागदावर! ११/०४ म्हणजे त्याच्या लेखी ४ नोव्हेंबर, म्हणून दुसरा रिपोर्टही गंडला. आणि २१/०४ ला एकविसावा महिना नसतो, मग तो काही न बोलता गुपचूप उलटं करून घेतो आणि उत्तर बरोबर येतं.

त्याने सरळ एरर दिला असता तर परवडलं असतं. बरेच जण प्रोग्राम महिनाअखेरीला बनवतात, २५ तारखेला टेस्ट करतात, सगळं छान चालतं, आणि एक तारखेला दुकानदाराचा फोन येतो. माझाही पहिला असा फोन एक तारखेलाच आला होता. वर आणखी गोंधळ असा की तीच तारीख क्वेरीच्या डिझाईन ग्रिडमध्ये (कोड न लिहिता अटी भरायच्या चौकटीत) टाकली तर बरोबर चालते, कारण तिथे विंडोजची सेटिंग पाळली जाते, त्यामुळे माणूस म्हणतो क्वेरी बरोबर आहे म्हणजे कोडमध्ये काहीतरी भलतंच आहे आणि नको तिथे शोधत बसतो. तुमचं पुस्तक अमेरिकन असेल तर त्यात याचा उल्लेख नसणं साहजिक आहे, लिहिणाऱ्याच्या मशीनवर हे कधी घडतच नाही.

उपाय सोपा. तारीख जोडण्याआधी फॉरमॅट फंक्शनमधून काढा, आधी चार आकडी वर्ष, मग महिना, मग दिवस, मधे आडव्या रेघा. २०२४-०४-०१ असं हॅशमध्ये गेलं की त्याचे दोन अर्थ होत नाहीत. हे एक छोटं फंक्शन करून ठेवा आणि जिथे तारीख लागेल तिथे तेच वापरा. आणि यापुढे टेस्ट करताना ५ तारीख टाकून बघा, २५ नको. फक्त ५ मे नको, तिथे दिवस आणि महिना सारखाच, उलटला तरी कळायचं नाही.

प्रश्न : मी पतसंस्थेतून रिटायर झालो. घरी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामचं पुस्तक आहे, वेळही आहे. त्यावरून शिकलो तर नातू हसतो. हसण्यासारखं आहे का?

उत्तर : नातवाला हसू द्या, पण थोडं बरोबर हसतोय. फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये घेतली, व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ ही शेवटची आवृत्ती, दहावी काढणार नाही हे २००७ मध्ये सांगून टाकलं आणि जानेवारी २०१५ ला सपोर्टही संपला. म्हणजे नवीन काम त्यात सुरू करण्यात अर्थ नाही. पण जुन्या डीबीएफ (फॉक्सप्रोच्या टेबलांच्या) फायली तुमच्याकडे असतील तर त्या लिबरऑफिस कॅल्कमध्ये आजही उघडतात, फुकट.

पुस्तकातलं इंडेक्स, रिलेशन, आणि डिलीट-पॅक ही प्रकरणं मात्र जरूर वाचा. फॉक्सप्रोमध्ये डिलीट म्हटलं की रेकॉर्ड जात नाही, नुसती खूण होते, रिकॉल म्हटलं की परत. पॅक म्हटलं की मग खरंच गेलं. नव्वदच्या दशकात एका पतसंस्थेत मी बाकी शून्य असलेली सगळी खाती डिलीट केली, बंद खाती साफ करायची होती ना, आणि लगेच हुशारीने पॅक पण केलं. त्याच सकाळी उघडलेली नवीन खाती, ज्यांचा पहिला भरणा अजून चढवायचा होता, तीही शून्यच होती. ती गेली. आदल्या संध्याकाळच्या बॅकअपच्या फ्लॉपीत ती असणं शक्यच नव्हतं, मग उघडण्याचे फॉर्म एकेक करून परत चढवले, आणि मॅनेजरसाहेब शेजारी खुर्ची टाकून बसले होते, एक शब्द न बोलता. ॲक्सेसमध्ये तर रिकॉलही नाही. त्यामुळे डिलीट क्वेरी चालवायच्या आधी तीच अट टाकून सिलेक्ट चालवा आणि किती ओळी येतात ते डोळ्याने बघा.

प्रश्न : दादा, पुस्तकातला कोड अक्षर न अक्षर टाईप केला तरी 'युजर डिफाइन्ड टाइप नॉट डिफाइन्ड' येतं. आणि मेसेज मराठीत टाकला की नुसती प्रश्नचिन्हं.

उत्तर : पहिल्याचं कारण तुमच्या टायपिंगमध्ये नाही. कोडच्या खिडकीतल्या टूल्स मेनूत रेफरन्सेस उघडा, डीएओची लायब्ररी टिक केलेली नसणार (डीएओ आणि एडीओ म्हणजे कोडमधून डेटाबेसशी बोलायचे दोन तयार संच). ॲक्सेस २००० आणि २००२ मध्ये नवीन फाईलला फक्त एडीओ लागलेलं असायचं, डीएओ आपल्याला लावावं लागायचं, जुन्या फाईलवर काम करत असाल तर हेच असणार. तिथेच आहात तर प्रत्येक मॉड्यूलच्या वर ऑप्शन एक्स्प्लिसिट (प्रत्येक व्हेरिएबल आधी जाहीर करायला लावणारी ओळ) आहे का तेही बघा, नसेल तर स्पेलिंग चुकलेलं व्हेरिएबल तो नवीन समजून रिकामं वापरतो आणि तुम्ही तास घालवता.

मराठीचं असं की टेबल आणि फॉर्ममध्ये युनिकोड (सगळ्या लिप्या चालवणारी पद्धत) व्यवस्थित चालतं, पण व्हीबीएचा एडिटर जुनाट आहे, त्याला देवनागरी येत नाही. मेसेज एका टेबलात ठेवा, नंबर देऊन, आणि मेसेजबॉक्सऐवजी फॉर्मवरच्या लेबलमध्ये दाखवा. एकदा केलं की झालं.

प्रश्न : पुस्तकासोबत सीडी आहे पण लॅपटॉपला ड्राईव्हच नाही. सायबर कॅफेतून पेनड्राईव्हवर आणली तर फाईल उघडत नाही. पुस्तक ॲक्सेस ९७ चं आहे.

उत्तर : ९७ च्या फायली ॲक्सेस २०१० पर्यंत उघडून रूपांतर करता यायच्या, २०१३ पासून नाही. ओळखीत कोणाकडे जुनं ऑफिस असेल तर एकदा तिथे उघडून नव्या प्रकारात सेव्ह करून आणा. नाहीतर पुस्तकात टेबलांची यादी फील्डसकट छापलेली असेल, ती बघून स्वतः बनवा, एक संध्याकाळ जाईल. मी तर म्हणेन तेच करा, फक्त त्यांच्या गिऱ्हाइकांच्या जागी तुमची टाका.