जाऊबाईने नेलेल्या सहा गोळ्या

पत्र: ताई, वणीकडच्या एका खेड्यातून लिहिते. नवरा कोळशाच्या ट्रकवर असतो, आठ-आठ दिवस घरी येत नाही. माझ्या ओटीपोटात दुखायचं, तपासणीत क्लॅमिडिया, म्हणजे नवरा-बायकोच्या संबंधातून लागणारा जंतूंचा आजार, निघाला. डॉक्टरांनी दोघांनाही सात दिवसांच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या लिहून दिल्या. नवरा म्हणतो, मला काही त्रास नाही, मी कशाला खाऊ? माझं दुखणं चार दिवसांत थांबलं. उरलेल्या गोळ्या लहान जावेने नेल्या. तिच्याही अंगावरून जातं, पण चौथा महिना आहे म्हणून ती कोणाला सांगत नाही. आता याच्याजवळ नांदू की माहेरी जाऊ?

उत्तर: माहेरचं नंतर बघू. आधी उठा, जावेकडे जा आणि त्या गोळ्या परत घ्या.

रोज दोन, सात दिवस, म्हणजे चौदा गोळ्या. आठ तुमच्या पोटात गेल्या, सहा कापून तिच्या हाती आल्या. अहो, गरोदर बाईला हे औषध डॉक्टर टाळतात. चौथ्या महिन्यापासून पुढे बाळाच्या दातांवर त्याचे डाग पडू शकतात. एक-दोन घेतल्या असतील तर बाळाचं काही बिघडलंच असं नाही, तिला रडवू नका. पण यापुढे एकही नको.

आणि तिला क्लॅमिडियाच आहे हे कोणी तपासलं? अंगावरून पांढरं जाणं बुरशीने होतं, दुसऱ्या जंतूंनी होतं, दिवस गेल्यावर थोडंफार तसंही वाढतं. प्रत्येकाचा इलाज निराळा. क्लॅमिडिया निघाला तर गरोदरपणात चालणारं औषध आहे: अझिथ्रोमायसिन, 1 ग्रॅम, एकाच वेळी. अंगावर काढला तर मात्र बाळंतपणात तो बाळाला लागतो, डोळे येतात, न्यूमोनियाही होतो. तिच्या त्रासाचा धागा तुमच्या नवऱ्याशी जोडत बसू नका, त्याला काडीचाही आधार नाही.

घरात कोणाला न सांगणारी ती पोर तुमच्याजवळ बोलली. तिला एकटीला पाठवू नका. उद्या पराटीचं निंदण राहू द्या आणि दोघी ग्रामीण रुग्णालयात जा. गरोदर बाई दवाखान्यात निघाली तर सासू काही विचारत नाही. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची तपासणी असते, पण तोवर थांबू नका.

तिथेच तुमचंही सांगा. दुखणं थांबलं म्हणजे जंतू गेले असं नसतं, अर्धवट सोडलेला इलाज डॉक्टरांना विचारून पुरा करा. गोळी जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत. घेऊन लगेच आडवं होऊ नका. या गोळ्यांनी ऊन बाधतं, वावरात डोक्यावर-हातांवर कापड असू द्या.

नवऱ्याचं "मला काही त्रास नाही" मला मुळीच मान्य नाही. बहुतेक पुरुषांना या आजारात काही जाणवतच नाही, म्हणूनच तो पसरतो. त्याने गोळ्या घेतल्या नाहीत तर तुम्हाला तो पुन्हा होणार. दोघांचेही सात दिवस पुरे होईपर्यंत त्याला जवळ येऊ देऊ नका. नांदायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.

दवाखान्यात जावेला लाज वाटली तर तुम्ही बोला: हिला चौथा महिना आहे, अंगावरून जातं, आणि या गोळ्या इतक्या घेतल्या आहेत. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.