आमच्या गावातल्या कुंभारांच्या आव्याचा काळा धूर कमी व्हावा म्हणून मदत करायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की चैत्रात तुमच्याकडे मडकी भाजायच्या आव्यात जुने टायर आणि चपलांचे तुकडे जळतात, आणि त्याबद्दल विचारलं की कुंभार मंडळी तोडून बोलतात. मी पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या कुंभारवाड्यात गेली काही वर्षं याच कामात आहे, म्हणून सांगतो. धुराचा विषय काढण्याआधी एका आव्यात किती मडकी लावली आणि किती धड निघाली, ते त्यांच्यासोबत बसून मोजा.

पहिल्या वर्षी मी प्रदूषणाचे तक्ते घेऊन गेलो होतो. तिथल्या सगळ्यात जुन्या कारागिरांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, धूर माले बी लागस. पन आवा कच्चा निंघना ते आखाजी बुडी." त्या एका वाक्यात सगळं आलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरतात, पुरणाच्या पोळ्यांसाठी खापर लागतं. वर्षाची मोठी कमाई या एका सणावर असते. भाजणीच्या शेवटी आवा थंड पडतोय असं वाटलं की टायर टाकला जातो, कारण तो फुकट मिळतो आणि झटकन भडकतो. मडकी कच्ची राहण्याची भीती आहे तोवर टायर सुटणार नाही.

म्हणून हिशेब फुटीपासून. समजा शंभरातली वीस मडकी फुटली, तर उरलेल्या ऐंशींवर शंभरांचं जळण, माती आणि मेहनत चढली, म्हणजे दर मडक्यामागे सव्वापट. फूट कमी झाली की धूरही कमी होतो आणि पैसाही वाचतो. हे कारागिराला पटवावं लागत नाही, त्याला ते आपल्या आधी कळतं.

आमच्याकडे फुटीची दोन कारणं सापडली. एक म्हणजे ओल. वरून कोरडं दिसणारं मडकं आतून ओलं असतं, आच लागताच त्या पाण्याची वाफ होते आणि मडकं तडकतं. शिवाय उकळलेल्या एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता लागते, ती सगळी जळणातूनच जाते. खान्देशातलं ऊन हे काम फुकट करतं, पण थेट उन्हात ठेवलं तर तडे जातात. आधी सावलीत, मग उन्हात, आणि आवा लावल्यावरही पहिले काही तास मंद आच. आप्पांना हे ठाऊकच होतं. सणाच्या घाईत आणि जागेच्या टंचाईत ते पाळता येत नव्हतं. आम्ही पैसे जमवून एक पत्र्याची शेड उभी केली. या सगळ्या कामात उपयोगी पडलेला सर्वांत मोठा खर्च तोच.

दुसरं कारण माती. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. त्यात लीद, राख, वाळू घालण्याची रीत जुनीच आहे. फुटलेल्या खापऱ्या कुटून, चाळून तो चुरा मिसळला तर आकसणं आणखी कमी होतं, आणि तेवढी नवी मातीही खणावी लागत नाही. तलावांतला गाळ काढण्यासाठी 2017 मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू झाली. तुमच्याजवळ तसं काम निघालं तर परवानगी घेऊन चार ट्रॉल्या गाळ तपासून पाहा, शेताचा वरचा थर वाचेल.

आता जळण. टायरच्या धुरात गंधकाचे वायू आणि काजळी असते. चपलांचा, पाइपांचा पीव्हीसी जळाला की क्लोरीनचे विषारी वायू निघतात, आणि ते सर्वांत आधी आव्याजवळ उभ्या असलेल्या बायकांच्या छातीत जातात. टायरच्या राखेत जस्त आणि तारांचे तुकडे राहतात, त्यामुळे ती राख मातीत मिसळता येत नाही, भांडी घासायलाही नको. पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांची, राख दोन्हीला चालते. आणि पऱ्हाट्यांना जळगाव-धुळ्यात तोटा नाही. पौष-माघात शेतकरी मजुरी देऊन त्या उपटतात आणि बांधावर पेटवतात. आमच्याकडे दोन शेतकऱ्यांशी असं ठरलं की कुंभारांनी उपटून न्यायच्या, कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. एक काळजी मात्र घ्या. पऱ्हाट्यांवर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी असते, म्हणून बोंडं झोडून तिथेच जाळायची आणि मगच काड्या गावात आणायच्या. नाहीतर पुढच्या हंगामात शेतकरी तुमच्या नावाने खडे फोडतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

बंदिस्त भट्टी चांगलीच. खाली आग, वर जाळीवर मडकी, भोवती भिंत, त्यामुळे उष्णता उघड्या आव्यासारखी वाऱ्यावर जात नाही. पण आमची पहिली भट्टी तशीच पडून राहिली, कारण तिच्या दारातून मोठं खापर आत जाईना. बांधण्याआधी सर्वांत मोठ्या भांड्याचं माप घ्या, आणि ते कारागिरालाच सांगू द्या.

विजेच्या चाकाने खांदे-कंबर वाचते. 'पीएम विश्वकर्मा' योजनेच्या 18 व्यवसायांत कुंभारकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते, ती जरूर घ्यायला लावा. पण त्याला धूर कमी करण्याचा उपाय म्हणू नका. आपल्या भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रातली वीज कोळशावरच बनते.

पोळ्याच्या मातीच्या बैलांच्या रंगाकडेही बघा. ते बैल मुलांच्या हातात, कधी तोंडातही जातात. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 2017 पासून 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) आहे, पण डब्यावर तसं लिहिलेलं नसेल तर तो घेऊ नका. गेरू आणि चुना उत्तम.

शेवटी एक गोष्ट तुम्हालाच करावी लागेल, कुंभाराला ती जमणार नाही. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या घागरीवर कधीकधी काळे डाग राहतात. गिऱ्हाईक ते बघून घागर परत ठेवतं किंवा भाव पाडतं. आमच्या शाळेतली मुलं आखाजीच्या बाजारात उभी राहून सांगतात की हा डाग आगीचा आहे, पाणी तितकंच गार होतं. पहिल्या वर्षी डागांच्या घागरी मीच विकत घेऊन शाळेच्या पाणपोईवर ठेवल्या होत्या. गेल्या आखाजीला माझ्यासाठी एकही उरली नाही.

तुमच्याकडे माती कुठून आणतात आणि आवा किती मोठा असतो, ते कळवा. पऱ्हाट्यांचं बोलणं पौषातच करून ठेवा, फाल्गुनात शेतं रिकामी झालेली असतात.