बाबांच्या आयुष्याला गुण कोणी द्यायचे?

“मॅडम, बाबांचे हाल बघवत नाहीत. हे काय जगणं झालं?” घरात दीर्घ आजार असला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी मुलं, सुना बहुतेकदा याच वाक्याने सुरुवात करतात. खरा प्रश्न मागून येतो: उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे?

असाच एक चाळिशीतला मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडिलांच्या किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस. मी विचारलं, “त्यांच्या आयुष्याला दहापैकी किती गुण द्याल?”

“दोन.”

“त्यांना विचारलंत?”

“विचारायचं काय? दिसतंय ना.”

पुढच्या वेळी दोघांना बोलावलं. काका म्हणाले, “मशीनच्या दिवशी चार. एरवी सात.” मुलगा बघतच राहिला. त्याने हातावरचा फुगलेला फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी), सुया आणि मोजून मिळणारं पाणी धरलं होतं. काकांनी त्यातलं काहीच नाकारलं नाही. पण नातवाची गणितं, सकाळचा अर्धा कप चहा आणि शेजारच्या बेडवरच्या पेशंटशी रंगणाऱ्या क्रिकेटच्या गप्पाही धरल्या होत्या.

“मग तीन गुण कुठे गेले, काका?”

“दोन तहानेचे. बर्फाचा खडा चघळून दिवस काढतो मी. आणि एक यांचा. मी खोलीत आलो की सगळे गप्प होतात. माझ्याच पेन्शनचा हिशोब मला सांगत नाहीत.”

2005 साली अमेरिकेत डायलिसिसवरच्या 49 जणांची मनःस्थिती आठवडाभर दिवसातून अनेकदा टिपली आणि तितक्याच निरोगी माणसांशी ताडून पाहिली. फरक नगण्य निघाला. निरोगी माणसांचा अंदाज मात्र होता की हे पेशंट फार दुःखी असणार. तरीही ब्रिटनसारख्या देशात एखाद्या औषधावर सरकारी पैसा घालावा का, हे ठरवताना आजारांना किती वाईट मानायचं ते सर्वसामान्य नागरिकांना विचारतात. पैसा सगळ्यांचा, म्हणून त्याला काही आधार आहे. घरात तो नियम लावू नका. इथे पहिलं मत आजारी माणसाचं.

नंतर मुलाला एकट्याला बसवलं. “आता स्वतःच्या आयुष्याला गुण द्या.” बऱ्याच वेळाने “दोनच” म्हणाला आणि ढसाढसा रडला. रात्रीची जागरणं, नोकरीतल्या रजा, खर्च. आपला सगळा थकवा तो बाबांच्या खात्यावर मांडत होता. घटनेपेक्षा तिच्याविषयीची आपली धारणा आपल्याला जास्त छळते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं मी कामात रोज वापरते. पण ते इतकं लख्ख समोर येताना क्वचित पाहिलंय. हा क्षण आला, तेव्हा आपण योग्य प्रश्न विचारला याचं समाधान वाटलं.

तुमच्या घरी असं असेल तर आजारी माणसाला एकटं गाठून विचारा. चांगल्या दिवशी आणि वाईट दिवशीही. उत्तर अनेक आठवडे शून्याच्या आसपास असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. दीर्घ आजारात नैराश्य येतं आणि त्यावर उपचार होतात. त्यानंतरही शांतपणे “आता पुरे” म्हणत असतील, तर तेही ऐका, डॉक्टरांसमोर बोला. बोलता येत नसेल, तर पूर्वी ते काय म्हणायचे ते आठवा.

आणि सांभाळणाऱ्याचा थकवा खराच असतो. त्याचा बंदोबस्त वेगळा करा. या घरात शनिवारचं डायलिसिस आता बहिणीकडे आहे, आणि पेन्शनचा हिशोब काका स्वतः लिहितात.